वरची फळी

सोमवारी सकाळी भावजींच्या फोनवर संदेश आला आणि तो त्यांनी आम्हाला तीनदा वाचून दाखवला. एकदा चुलीपाशी, एकदा ओट्यावर, आणि तिसऱ्यांदा मी भरली कळशी कमरेवर घेऊन येत असताना वाटेत उभं राहून. बुधवारपासून रविवारपर्यंत दुपारनंतर तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह पाऊस, सोसाट्याचा वारा. उघड्यावर काम करणाऱ्यांनी काळजी घ्यावी.

"भावजी, वाट सोडा," मी म्हटलं. "काळजी घेते, पण आधी कळशी उतरवू द्या."

मामंजी ओट्यावर बसून टाचेच्या भेगांत तेल भरत होते. त्यांनी मान वर न करताच विचारलं, "हे तुरळक ठिकाण कुठं आलं रे?"

"बाबा, तुरळक म्हणजे कुठं कुठं."

"तेच विचारतोय. जन्मभर ऐकत आलोय, तुरळक ठिकाणी पाऊस. एकदा मला दाखवून आण ते ठिकाण. तिथं आपण मीठ करायचं नाही, म्हणजे मिटलं."

आमचे हे हसले. मीही हसले. खोटं कशाला सांगू, भावजींना हसायची आमच्या घराला सवयच होती.

आम्ही घरात चौघं. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली. मामंजी, आमचे हे, त्यांचा धाकटा भाऊ म्हणजे भावजी, आणि मी. मिठागरावरचे पाच वाफे आमच्याकडे. भरतीचं पाणी आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात सरकवत उन्हात आटवायचं. शेवटच्या दोन वाफ्यांत पोचेपर्यंत चाळीसेक दिवस जातात. तोवर पाणी एवढं घट्ट होतं की त्यात बुडवलेलं बोट वाळलं की पांढरं दिसतं. मग तळाला दाणा धरतो. आठ दिवस आणखी राहू दिला तर हरभऱ्याएवढा होतो, आधीच ओढला तर रवा. ऐकायला सोपं आहे. करून बघावं. तळपाय सोलून निघतात, बोटांच्या बेचक्यात खार जाते, आणि दुपारी पांढऱ्यावरून ऊन असं उलटं येतं की हनुवटी खालून भाजते.

भावजींचा एक पाय लहानपणी तापात गेला. बारीक राहिला. वाफ्याच्या निसरड्या तळावर त्यांना उभंच राहता येत नाही, मग फावडं काय ओढणार? म्हणून दोन वर्षांपूर्वी मिठागराच्या कचेरीवाल्यांनी त्यांना तीन दिवस शिकायला नेलं आणि परत आले ते लाल झेंडा घेऊन. पंपघराशेजारी खांब पुरला. झेंडा वर गेला की सगळ्यांनी वाफे सोडायचे, पंपघरात नाहीतर गोदामात शिरायचं. दोन्ही पक्क्या भिंतींची. शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून अर्धा तास मोजायचा आणि मगच झेंडा खाली. असं त्यांचं काम. लोकांनी त्यांचं नाव वेधशाळा पाडलं. पाणी प्यायला गेले तरी कुणीतरी विचारायचं, "काय वेधशाळा, घशाला कोरड आहे की आर्द्रता?"

तर त्या सोमवारी भावजींनी हट्ट धरला. शेवटच्या दोन वाफ्यांपैकी एक तरी बुधवारच्या आत ओढून घ्या.

"अजून दाणा कच्चा आहे," मामंजी म्हणाले. त्यांनी ओंजळभर काढून आणलं होतं. तळहातावर घोळवून दाखवलं. "हा बघ. शनिवारपर्यंत राहिला तर सोनं होईल."

"शनिवारपर्यंत राहणार नाही ना, बाबा. विरघळून जाईल."

"तुझ्या फोनला विचार, दाणा कधी पिकतो ते."

यांचा स्वभाव मऊ. यांना दोघांपैकी कुणालाच दुखवता येत नाही. हे म्हणाले, "एक ओढू, एक ठेवू. दोघांचंही राहील." मामंजी टोपी डोक्यावर चढवून चालायला लागले. ते त्यांचं हो म्हणणं.

मंगळवारी दिवस उजाडल्यापासून आम्ही तिघं एका वाफ्यात. हे आणि मामंजी लांब दांड्याच्या लाकडी फावड्यांनी मीठ ओढून कडेला आणत होते, मी पाट्या भरून बांधावर ढीग घालत होते. फावडं ओढायचं म्हणजे हातांचं काम नाही, कमरेचं आहे. मामंजी या वयातही एका दमात वाफ्याच्या मध्यापासून कडेपर्यंत येतात आणि मग दांड्यावर हनुवटी टेकून उभे राहतात. तेव्हा त्यांच्या पोटऱ्या थरथरतात, आणि ते आपल्याला दिसलं नाही असं दाखवावं लागतं. संध्याकाळपर्यंत ढीग लागला, वर माडाची झापं घातली. माझी मान डोक्यावरच्या पाट्यांनी इतकी आखडली की जेवताना वाकून घास घेता येईना.

आणि बुधवारी काय व्हावं? कडकडीत ऊन. दुपारी लांब डोंगरामागं एक ढग उठला, काळा झाला, दोनदा गुरगुरला. भावजींनी धावतपळत झेंडा चढवला. सगळं मिठागर वाफे सोडून आत जाऊन बसलं. ढग डोंगरामागनंच निघून गेला. आमच्याकडं थेंब नाही. तासाभरानं लोक बाहेर आले ते भावजींकडं बघत, आणि एकानं तर तळहात पालथा धरून पाऊस तपासल्याचं सोंग केलं.

त्याच संध्याकाळी मुकादम ढीग बघायला आला. झाप बाजूला केली, बुटाच्या टोकानं ढिगाची कड उडवली.

"आजोबा, हे मीठ आहे की पीठ?"

मामंजींनी टोपी काढून हातात घेतली होती. मुकादम त्यांच्या धाकट्या लेकाच्या वयाचा. "पावसाचं भाकीत होतं," ते म्हणाले. "म्हणून लवकर ओढलं."

"भाकीत होय? दुसऱ्या ढिगात टाका हे. चामडं खारवणाऱ्यांना जाईल. माणसानं खायचं मीठ करायचं तुम्ही विसरलात की काय?"

आजूबाजूचे चारपाचजण ऐकत होते. त्या मिठागरावर मामंजींचा दाणा सगळ्यांत मोठा म्हणून ओळखला जायचा. ते टोपी हातातच घेऊन घरी आले. रात्रीचं जेवण समोर आलं तेव्हा एवढंच म्हणाले, "उरलेल्या वाफ्याला आता कुणी हात लावायचा नाही." भावजी ताटात बघत राहिले. मला त्यांची दया आली असं म्हणवत नाही. माझी मान दुखत होती आणि मला रागच आला होता.

गुरुवारी मात्र तो आला.

दुपार उलटली आणि वारा एकदम पडला. मग उलट्या दिशेनं आला, गार. भावजींचा झेंडा कधीच वर गेला होता. आम्ही चौघं आणि पलीकडच्या वाफ्यांवरची काकू पंपघरात शिरलो. काकू एकटी बाई, नवरा परगावी कामाला, तोंड मात्र चार माणसांचं. पत्र्यावर पाऊस असा बडवायला लागला की काकूचंसुद्धा बोलणं ऐकू येईना. दाराच्या फटीतून वीज पडलेली दिसायची आणि मामंजी पुटपुटायचे, "गेलं. गेलं." वाफ्यावर एक बोट पाणी चढलं की दोन, याचा हिशेब ते मनात करत असणार.

पंधरा मिनिटांत थांबला. लगेच ऊन पडलं. बांध चकाकायला लागले.

आता इथं आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पावसाचं पाणी हलकं, आमचं पाणी जड. वाफ्यावर पाऊस पडला तर तो लगेच मिसळत नाही, वर तरंगून राहतो, दुधावर साय राहावी तसा. वाफ्याच्या दाराला एकावर एक फळ्या बसवलेल्या असतात. पाऊस थांबल्या थांबल्या जाऊन लोखंडी आकड्यानं नुसती वरची फळी काढली तर वरचं गोडं पाणी वाहून जातं आणि खालचं चाळीस दिवसांचं पाणी दाण्यासकट वाचतं. पण लगेच काढायला पाहिजे. वारा सुटला, लाटा उठल्या, की दोन्ही ढवळून एक होतात. मग हंगाम संपला. पुन्हा समुद्रापासून सुरुवात.

मामंजी उठले. आकडा भिंतीला टेकवून ठेवला होता, तो घेतला.

"बाबा, अर्धा तास," भावजी म्हणाले. "आत्ता तर गडगडलं."

"ते तिकडं गडगडलं. इथं ऊन आहे."

"ऊन असलं तरी पडते. गेलेल्या ढगातनंसुद्धा पडते, मागं वळून. शिकवलंय आम्हाला."

"अर्ध्या तासात वारा येईल."

"येऊ दे."

"येऊ दे?" मामंजी दारापाशी गेले. "तुझं काय जातंय रे? एक पाटी तरी उचलली आहेस का जन्मात?"

भावजी उठले नाहीत. ते सरकत सरकत गेले आणि दाराच्या उंबऱ्यातच आडवे बसले, बारका पाय पुढं पसरून. मामंजींनी एकदा खाली बघितलं. मग आकडा दुसऱ्या हातात घेतला, धोतर वर धरलं आणि त्या पसरलेल्या पायावरून पाय टाकून बाहेर गेले. आम्ही सगळ्यांनी ते बघितलं.

दहा मिनिटांत परत आले. फळी काढून पाणी उतरवलं होतं, फळी पुन्हा बसवली होती. खालच्या पाण्यात बोट बुडवून, ते चाटून आले होते. "तस्संच आहे," म्हणाले आणि मिशीला मीठ लागलेलं तसंच ठेवून हसले. कितीतरी दिवसांनी हसले. काकू म्हणाली, "आजोबा, तुमच्या हिमतीला मानलं बाई!" मी घरी गेल्यावर त्यांच्या चहात जास्तीची साखर घातली. आणि भावजींना कप देताना म्हटलं, "तुमचा झेंडा भिजला असेल, दोरीवर वाळत घालू का?"

हे माझे शब्द. लक्षात आहेत.

शुक्रवारी सकाळी पुन्हा संदेश. पुन्हा दुपारनंतर, पुन्हा तुरळक ठिकाणी. या खेपेला भावजींनी तो एकदाच वाचला, तोही स्वतःशी.

दुपारी हे आणि मी मुकादमानं नाकारलेल्या त्या मिठाच्या पाट्या गोदामात नेऊन टाकत होतो. झेंडा वर गेला तेव्हा आम्ही गोदामातच होतो, म्हणून तिथंच थांबलो. मामंजी, भावजी, काकू पलीकडं पंपघरात. मध्ये तीनशे पावलांचा बांध, आणि त्याच्या निम्म्यावर आमचा वाफा. पाऊस कालच्यापेक्षा जोराचा. गोदामात आम्ही दोघंच, पोत्यांवर बसलेलो. यांनी माझी मान चोळून दिली. बरं वाटत होतं. खरंच सांगते, बरं वाटत होतं.

पाऊस थांबला. ऊन आलं. मी दारात जाऊन बघितलं. आमच्या वाफ्यावर पाणी चढलेलं दिसत होतं आणि त्याच्यावर बारीक सुरकुत्या पडायला लागल्या होत्या.

"वारा सुटतोय," मी म्हटलं.

"झेंडा वर आहे अजून."

"तो काय, दिवाळं निघेपर्यंत वरच असेल. फळी कोण काढणार?"

"थांबू थोडं. आत्ताच वाजलंय तिकडं."

"मामंजी काल गेले ना? या वयात गेले. चहा प्यायला परत आले." तीन दिवस माझ्या मानेत जे साचलं होतं ते सगळं तोंडात आलं. "आणि तुम्ही इथं दारात उभे. माझ्या बांगड्या देऊ का, घालता?"

हे हसले. रागावले असते तर बरं झालं असतं, पण हे हसले आणि म्हणाले, "मापाच्या होतील का?" कोपऱ्यातला दुसरा आकडा घेतला आणि गेले.

मी दारात उभी राहून बघत होते. बांधावरून घसरत, तोल सांभाळत गेले. वाफ्याच्या दारापाशी बसले, आकडा अडकवला, जोर लावला. फळी निघाली. पाणी पांढरं होऊन बाहेर पडताना मला दिसलं. उठून उभे राहिले, माझ्याकडं वळले, आणि हात वर केला. झालं म्हणून.

मग सगळं पांढरं झालं. आवाज आला असणार, काकू म्हणते तिच्या दातांतून गेला. मला आवाज आठवत नाही. डोळ्यांपुढचं पांढरं गेलं तेव्हा बांधावर कुणी उभं नव्हतं.

किती वेळ तशीच उभी होते कुणास ठाऊक, मग पळाले. पण माझ्याआधी पंपघराच्या बाजूनं भावजी पोचले. तो पाय ओढत, मध्ये एकदा पडून, गुडघ्यांवर, पुन्हा उठून. मी पोचले तर ते यांच्या छातीवर दोन्ही हात ठेवून वाकले होते. मागून काकू ओरडत येत होती, "हात लावू नका! हात लावू नका, करंट असतो अंगात!"

"माणसात करंट राहत नाही!" भावजी तसेच ओरडले आणि दाबायला लागले. मोजत दाबत होते. तीसपर्यंत मोजायचे, तोंडात फुंकायचे, पुन्हा एक. त्यांचा घाम यांच्या तोंडावर पडत होता. मी मातीत बसून यांचा पाय धरला होता, दुसरं काही धरायला सुचलं नाही. मामंजी चार पावलांवर उभे. कितव्या तीसला ते मला माहीत नाही, यांच्या घशातून घर्र असा आवाज आला आणि छाती आपली आपण वर झाली.

"ट्रॅक्टर," भावजी म्हणाले. "वहिनी, रडू नका, ट्रॅक्टर बोलवा."

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण शांत. म्हणाल्या, वीज अंगावर थेट पडली नाही, जवळ पडली, म्हणून आहेत. आकडा धरलेला तळहात भाजलाय. पाय आत्ता लुळे वाटतात, उद्यापर्यंत येतील. दोन्ही कानांचे पडदे फाटलेत. एक भरून येईल, दुसऱ्याचं सांगता येत नाही. "छाती कुणी दाबली?" त्यांनी विचारलं. भावजींनी हात वर केला, शाळेतल्यासारखा. "तुमच्यामुळं आहेत," बाई म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडं गेल्या.

बाहेर बाकावर मामंजी बसले होते. भावजी त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. मी पाण्याची बाटली भरून आणत होते, तीनचार हातांवर होते.

"काल माझ्यावरून पाय टाकून गेलात," भावजी म्हणाले. आवाज चढवला नाही. "आज तो गेला. तुम्हीच शिकवलंत त्याला."

मामंजींनी मान खाली घातली. त्यांनी नाही म्हटलं नाही, बचाव केला नाही. आणि मी, जिला खरं ठाऊक होतं, ती बाटलीचं झाकण लावत उभी राहिले. एकदा लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं.

शनिवारीही पाऊस आला. मी दवाखान्यात होते, काकूनं मागाहून सांगितलं. झेंडा वर गेला, सगळे आत गेले, पाऊस थांबला, ऊन पडलं, वारा सुटला. सगळ्या मिठागरावर एक माणूस बाहेर पडला नाही. अर्धा तास तिथं बसून लोकांनी आपापल्या वाफ्यांवरच्या लाटा बघितल्या. आमचा वाफाही ढवळून गेला. मामंजी तर पंपघरातही नव्हते, घरीच होते. भिंतीकडं तोंड करून.

रविवारी सकाळी यांना घरी आणलं. पाय आले होते, चालताना कुणाच्या तरी खांद्यावर हात टाकावा लागत होता. उजव्या हाताला पट्टी. बोलायचे ते मोठ्यानं, स्वतःचं स्वतःला ऐकू यावं म्हणून, आणि आमचं साधं बोलणं ऐकू यायचं नाही. नुसते ओठांकडं बघायचे.

मामंजी आत आले नाहीत. ओट्यावर पाठमोरे बसून राहिले. मी ताट नेऊन ठेवलं, ते तसंच परत आलं. शुक्रवारी दुपारपासून पोटात पाण्याशिवाय काही गेलं नव्हतं. गाल आत गेले होते. दुपारी पुन्हा ताट नेलं तर म्हणाले, "सूनबाई, पोटचा पोर मी मारला असता गं. हंगामासाठी."

"असं बोलू नये, मामंजी," मी म्हटलं आणि आत पळाले. असं बोलू नये! तोंड वर करून मीच म्हणाले. चुलीपाशी बसले आणि मला माझीच किळस आली. म्हातारा माझं ओझं डोक्यावर घेऊन उपाशी बसलाय, दोन दिवस भावजी बापाशी बोलत नाहीत, आणि मी ताटं नेऊन ठेवते आहे.

आधी यांना सांगू म्हटलं. यांची परवानगी घेऊ, मग मामंजींना सांगू. हे खाटेवर बसले होते. भावजी पलीकडं खिडकीत फोन घेऊन. बाहेर आभाळ पुन्हा भरत आलं होतं. मी खाटेपाशी खाली बसले आणि हळूच म्हटलं, "अहो, शुक्रवारी मी तसं बोलले नसते तर तुम्ही गेला नसता."

"काय?"

मी जरा मोठ्यानं म्हटलं.

"ऐकू येत नाही. मोठ्यानं बोल."

खिडकीतून भावजींनी मान वळवली. मी ओठ नीट हलवून, एकेक शब्द सुटा करून बोलून बघितलं. हे माझ्या तोंडाकडं बघत राहिले आणि म्हणाले, "जेवायला? जेवलो की मघाशी."

असल्या गोष्टी नवराबायकोनं कानात बोलायच्या असतात. ते कान मीच घालवले होते. मी उठून उभी राहिले. दार उघडं होतं, ओट्यावर मामंजींची पाठ दिसत होती, कुंपणापलीकडं काकू दोरीवरचे कपडे काढत होती. आता ऐकायचं त्यांनी ऐकावं.

"मी पाठवलं तुम्हाला!" मी ओरडले. "मामंजींचं बघून तुम्ही गेला नाहीत! तुम्ही थांबत होता, मी बांगड्या देऊ का म्हटलं, म्हणून गेलात! मी पाठवलं!"

काकूचे हात दोरीवरच राहिले. मामंजींची पाठ हलली नाही. माझा घसा फाटला होता आणि नाकातून पाणी वाहत होतं.

हे माझ्याकडं बघत होते. आता ऐकलं होतं. तेवढ्याच मोठ्यानं, सगळ्या आळीला जाईल असं, हे म्हणाले, "मग मला ठाऊक नाही होय? तिथं मीच होतो की! कुणाला सांगणार नव्हतो मी. तूच गावभर केलंस!"

लांब एकदा गडगडलं. मामंजी ओट्यावरून उठले, गुडघ्यावर हात ठेवून, दोन टप्प्यांत. आत आले. लेकाच्या खाटेपाशी थांबले, त्याच्या पट्टीवर दोन बोटं ठेवली. माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही. भिंतीपाशी जाऊन, जिथं रोज बसतात तिथं बसले.

"वाढ मला," म्हणाले.

मी ताट वाढलं आणि ते घेऊन चुलीपाशीच उभी राहिले. भावजी खिडकीतून उतरले. पाय ओढत आले, माझ्या हातातलं ताट घेतलं आणि बापासमोर ठेवलं. तिथंच खाली बसले.

"बाबा, मी परवा दवाखान्यात..."

"जेवताना बोलू नये," मामंजी म्हणाले.

ते जेवले. हळूहळू जेवले, उपाशी माणूस जेवतो तसे, घास तोंडात घेऊन थांबत. दोनदा मागून घेतलं. मी दोन्ही वेळा वाढलं आणि बाजूला उभी राहिले. बाहेरचं कुणीही बोललं असतं, काकू तर नक्कीच, पण मला घरातल्यांपैकी कुणीतरी बोल लावायला हवा होता. मामंजींनी, भावजींनी, निदान यांनी. मी वाट बघत होते. मामंजींनी ताटात हात धुतला, ताट माझ्याकडं सरकवलं आणि म्हणाले, "तूही बस आता. तू कुठं जेवली आहेस?"